नंतर आठवण करा

संध्याकाळी साडेसातला, कूलरमध्ये दुसरी बादली ओतून झाली
की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन उगवतो.
तुमचं संरक्षण संपलं आहे.
कसलं, ते सांगत नाही.
मी सावद्याच्या फळविक्री सोसायटीत
बावीस वर्षं केळीच्या गाड्यांची बिलं केली.
संपलं म्हटलं की मागची शिल्लक विचारायची
सवय आहे मला.

खाली दोन बटणं:
आत्ता नूतनीकरण करा.
नंतर आठवण करा.
'नको' असं तिसरं बटण
बनवणाऱ्याला सुचलं नसेल
किंवा फार सुचलं असेल.

मुख्तार तडवी यावलहून येतो. डिकीत स्क्रू ड्रायव्हर,
कुणाची तरी जुनी रॅम, आणि फडक्यात कळण्याची भाकर.
विचारलं, भरू का रे हे हजार रुपये?
"मावशी, तुमी याच्यावर करता काय?"
मी सांगितलं: विजेचं बिल. भाचीचा बायोडाटा.
रात्री एकटीचा पत्त्यांचा डाव.
आणि बारा वर्षांचे फोटो.
"मंग विंडोजचा सोताचा राखनदार हाये न घरात.
फुकट हाये म्हनून तुमाले दिसत नई."

खरंय. मागच्या वैशाखात पैसे भरलेले होते,
कोपऱ्यात हिरवी खूण होती,
आणि तेव्हाच चिंतामणनं झेरॉक्सच्या दुकानातून
पेन ड्राइव्ह आणला,
लग्नाचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले.
दार दिसायचं, आत खोली नाही.
हिरवी खूण तशीच उभी,
वरात निघून गेल्यावर झोपलेल्या बँडवाल्यासारखी.
मुख्तारनं काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली
अन् माणसं परत आली: नवरी, करवल्या,
भरिताच्या पंगतीत वाकलेले माझे भाऊ.

व्हायरस हा शब्द मी आधी केळीत ऐकला.
पानावर पिवळे पट्टे, सडका पोंगा.
थोरल्यानं किती बाटल्या फवारल्या!
दुकानदार दर वेळी नवी काढायचा,
तिच्यावर दर वेळी नवा वाघ.
शेवटी कृषी खात्याच्या बाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या,
याला औषध नाही. उपटा, पुरा.
रोप कुठून आणता ते बघा.
आणि बांधाला काकडी लावू नका, मावा तिथूनच येतो.
थोरला त्या रात्री जेवला नाही.
काकडी त्याला आवडायची.

आता विसपुते मास्तरांचं बघा.
त्यांच्या मशीनवर एक नाही, दोन अँटिव्हायरस,
एकमेकांवरच गुरगुरायचे.
फोन आला, रात्री तुमचं मीटर तोडणार,
मास्तरांनी सांगतील ते उतरवून घेतलं,
सांगतील तिथं बोट ठेवलं.
चाळीस हजार.
गावात सगळे हसले. मीही हसले.

पण तो फोन मलाही आला होता.
नाव सांगितलं मी. ग्राहक क्रमांक सांगितला.
आवाज फार अदबशीर होता हो,
ताई ताई म्हणत होता.
पुढचं विचारणार तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं,
मी धावले, परत आले तर लाइन कट.
हे कुणाला सांगितलं नाही.
अर्धा लिटर म्हशीचं दूध, एवढ्यावर मी वाचले.
ते कुठल्या कंपनीचं उत्पादन नव्हतं.

हजार रुपये भरले नाहीत.
त्यात थोडे घालून एक हार्ड डिस्क घेतली.
महिन्यातून एकदा फोटो तिच्यात टाकते,
मग वायर काढून बिबड्यांच्या डब्यात ठेवते.
तिथं हात घालायला
चोराला आधी खान्देशचं असावं लागेल.

मुख्तार म्हणाला, तो लाल चौकोन मुळासकट काढू का?
म्हटलं, राहू दे.
साडेसातला तो येतो,
मी 'नंतर आठवण करा' दाबते
आणि उठून मागच्या दाराची कडी बघून येते.
बहुतेक वेळा ती लावलेलीच असते.
बहुतेक वेळा.